सोमवारी बंद असलेले गाव आणि अक्रोडाखालची खुर्ची

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील दोर्दोन्य विभागात, मोंपाझिएपासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका खेड्यात आम्ही जून महिन्यात तीन रात्री राहिलो. बरोबर सासूबाई होत्या. घर ‘शांब्र दोत’ प्रकारचे होते, म्हणजे यजमान स्वतः राहतात त्याच घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतात. फ्रेंच कायद्यानुसार अशा घरात ५ पेक्षा जास्त खोल्या आणि एका वेळी १५ पेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत, आणि न्याहारी भाड्यातच द्यावी लागते. स्वतः स्वयंपाक करायचा असेल तर ‘जीत’, म्हणजे आख्खे घर भाड्याने घेणे, हा वेगळा पर्याय आहे. आम्हाला नेमका स्वयंपाकच टाळायचा होता.

पहिला दिवस आम्ही मोंपाझिए पाहण्यात घालवला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये वसवलेले, काटकोनात रस्ते आखलेले आणि मधोमध कमानींच्या ओवऱ्यांचा चौक असलेले हे गाव पाहण्यासारखे आहेच. पण हा अभिप्राय दुसऱ्या दिवसाचा, सोमवारचा आहे. त्या दिवशी आम्ही कोठेही गेलो नाही. खरे म्हणजे जाण्याचा बेत होता, परंतु सकाळी पाव आणायला गेले तर बेकरी बंद, शेजारचे छोटे कॅफेही बंद. सोमवारी येथे असेच असते, हे यजमानीणबाईंनी आदल्या रात्री सांगायला हवे होते. न्याहारीला त्यांनी आदल्या दिवशीचा पाव भाजून, लोणी आणि घरच्या आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर दिला. मुरंबा इतका उत्तम होता की शिळ्या पावाची तक्रार तोंडातच विरली, तरीही भाड्यात न्याहारी धरलेली असताना ताज्या पावाची सोय आधी करून ठेवणे शक्य होते, असे मला वाटते.

त्यानंतरचा दिवस अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाखाली गेला. या भागात अक्रोडाच्या बागा सर्वत्र आहेत आणि पेरिगोरच्या (हे या भागाचे जुने नाव) अक्रोडांना संरक्षित भौगोलिक नामांकनही आहे. जूनमध्ये फळे अजून हिरवी असतात. खाली पडलेले एक फळ सासूबाईंनी नखाने सोलून पाहिले आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बोटे तपकिरी राहिली. यजमानीणबाई दोनदाच बाहेर आल्या, एकदा थंड पाण्याचा जग ठेवायला आणि एकदा रिकामा न्यायला. पाहुण्यांना एकटे सोडण्याची ही समज मला या घराची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. काही हवे आहे का, म्हणून दर अर्ध्या तासाने विचारणाऱ्या आतिथ्याने माणूस दमून जातो.

अकराच्या सुमारास त्यांनी आमच्या खोलीच्या खिडक्यांबाहेरच्या लाकडी झडपा लावून घेतल्या. भर दिवसा अंधार कशाला, म्हणून मी त्या पुन्हा उघडल्या आणि दोन वाजता खोलीत पाऊल ठेवले तेव्हा भट्टीत शिरल्यासारखे झाले. चुनखडीच्या जाड भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात, पण ऊन आत घेतले नाही तरच. खोलीत पंखाही नव्हता, हे उन्हाळ्यात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शांतता म्हणजे आवाजच नाही, असे मात्र येथे समजू नये. चर्चची घंटा रात्रीही वाजते, शिवाय प्रत्येक तासाचे ठोके दोनदा पडतात. ‘यांचं घड्याळ बिघडलंय वाटतं,’ असे सासूबाई म्हणाल्या, तेव्हा खुलासा मिळाला की शेतात असलेल्या माणसाचे मोजणे चुकले तर दुसऱ्या खेपेला बरोबर मोजता यावे, म्हणून ही जुनी पद्धत आहे. पहाटे कोंबडाही आरवतो. अशा आवाजांवरून शहरातून आलेल्यांनी कज्जे केल्यामुळे, खेड्यांचे आवाज आणि वास हा त्यांच्या वारशाचा भाग मानणारा कायदाच फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये केला. झोप सावध असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे बरोबर न्यावेत.

रात्रीचे जेवण, ‘ताब्ल दोत’, आधी सांगून मिळते. सर्वांनी एकाच मेजावर बसून, घरात जे शिजले असेल ते जेवायचे. आम्ही अंडी खातो, मांस खात नाही, हे ईमेलने कळवले होते. तरी पुढे आलेले खरपूस, लसूण घातलेले बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले निघाले. येथे ती चरबी आपल्याकडच्या फोडणीच्या तेलाइतकी गृहीत धरलेली असते, त्यामुळे यजमानीणबाईंना आमचा प्रश्नच आधी कळला नाही. कळल्यावर त्या ओशाळल्या, आणि पंधरा मिनिटांत लसणाचे सूप अक्रोडाच्या तेलावर नव्याने करून आणले. ‘तुरँ’ नावाच्या या सुपात अंड्याचा बलक आणि व्हिनेगर असते, आणि वाडग्याच्या तळाशी शिळा पाव. सकाळच्या उरलेल्या पावाचे काय झाले, ते तेव्हा कळले. मी दोन वाडगे घेतले. जेवण आटोपले तेव्हा पावणेदहा वाजत आले होते आणि सूर्य नुकताच मावळत होता.

दोघांच्या खोलीला एका रात्रीचे ८५ युरो, सासूबाईंच्या खोलीला ६५ आणि जेवणाचे माणशी २६ युरो पडले. पर्यटक कर वेगळा. या सेवेला हा दर मला रास्त वाटला. गावात बस येत नाही, त्यामुळे मोटारीवाचून येथे राहणे अवघड आहे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि उभा असल्यामुळे वयस्कर माणसांसाठी तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी, शाकाहार सांगताना चरबीचा उल्लेख स्पष्ट करावा, आणि दुपारी झडपा लावलेल्या दिसल्या तर त्या तशाच राहू द्याव्यात.