२१ गिअर, कन्याकुमारी आणि हवा न घेणारा वॉल

काल वावरातून येताना मागच्या चाकात पुन्हा सराटे घुसले, तेव्हा म्हटलं आता हे लिहूनच टाकू. माझी सायकल म्हणजे २१ गिअरची हायब्रिड (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी), ७०० बाय ३५ मापाचे टायर, केबलचे डिस्क ब्रेक. हिवाळ्यात आमचा गट हिंगणघाटहून हायवे ४४ धरून कन्याकुमारीला गेला, तेव्हा मी हिच्यावरच होतो. गिअर-सीटवर सगळेच लिहितात. मला बोलायचं आहे ट्यूबच्या वॉलबद्दल, म्हणजे जिथून हवा भरतो त्या नळीबद्दल.

माझ्या ट्यूबचा वॉल प्रेस्टा जातीचा आहे. बारीक, लांब, टोकाला चिमुकला नट. तो सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही. जुन्या काळ्या सायकलला वॉलट्यूबचा (आत बारीक रबरी नळी असलेला) वॉल, मोटारसायकल-ट्रकला श्रेडर नावाचा जाड वॉल. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सोय असते ती या दोघांचीच. पांढरकवड्याच्या अलीकडे पहिलं पंक्चर झालं. पॅच लगेच बसला, पण पोरगा कॉम्प्रेसरचा पाइप हातात धरून चाकाकडे पाहतच राहिला. "भाऊ, याच्यात हवा कोठून भराची?"

मग सोबतच्या बोटभर पंपानं दंड भरून येईस्तोवर हवा मारली. गटात एकाचं चाक बसलं की सगळे उभे. काळ्या सायकलवर आलेले आमचे काका तेवढ्यात निवांत तंबाखू मळत बसले. चौदा हजाराची सायकल घेऊन मी त्यांच्याकडे पाहत होतो, हे मला जास्त लागलं.

निर्मलच्या घाटात गिअरनं पैसे वसूल केले, हे कबूल. धर्मपुरीच्या पुढं तोप्पूरच्या उतारावर, बाजूनं ट्रक कुंथत उतरत असताना, ब्रेकनंही दगा दिला नाही. सीटबद्दल न बोललेलं बरं.

हैदराबादेत एका मोठ्या सायकल दुकानात पितळी टोपी मिळाली. प्रेस्टावर फिरवून बसवली की वॉल श्रेडरसारखा होतो, मग कोणताही कॉम्प्रेसर चालतो (हळू भरा, बारीक ट्यूब फुटायला वेळ लागत नाही). किंमत चहा-पोह्याएवढी. तिथून पुढं माझं मत बदलत गेलं. नट आवळला की हवा टिकते. काकांची वॉलट्यूब सैल पडली होती, ते रोज सकाळी पंप शोधत. म्हणजे वॉल वाईट नाही. एवढी टोपी खोक्यात न टाकणारी कंपनी चिकट आहे. परत आल्यावर सर्व्हिसवाल्याला हे सांगितलं, तर म्हणे, "हा दोष नाही सर, डिझाइन आहे." आणि चाक उघडल्याची मजुरी लावली.

आता गावाकडची अडचण. या मापाची ट्यूब तालुक्याला मिळत नाही, मागवावी लागते. काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब आत बसते, मी चालवतो आहे. टायर मात्र बसत नाही: टायर रिमवर बसतो तिथला त्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, आपल्या रिमचा ६२२. शिवाय त्या ट्यूबचा वॉल जाड, आणि रिमचं छिद्र साडेसहा मिलिमीटरचं. म्हणून वेल्डिंगवाल्याकडून मागच्या रिमचं छिद्र साडेआठचं करून घेतलं आणि कानशीनं कडा घासल्या, नाहीतर वॉल तिथंच कापतो. वॉरंटी गेली म्हणतात. होती ती तरी काय कामाची! रिम अरुंद असेल तर मात्र ड्रिलच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. सराट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि नव्या ट्यूबला पुन्हा टोचतं. बोटानं चाचपण्याऐवजी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. काटा असेल तिथं तंतू अडकतात. आपल्याकडे कापसाला तोटा नाही.

पुढचं रिम तसंच ठेवलं आहे, टोपीवर भागतं. टोपी किल्लीच्या छल्ल्याला अडकवा, खिशात ठेवलेली पहिली मी करूरला हरवली.