दोन मुलं आणि शक्ती एकालाच : 'सुपरमॅन अँड लोइस' पाहून झाल्यावर

आण्णा ताटावरून उठायचे, ही माझी लहानपणीची सगळ्यात पक्की आठवण. ते वीज मंडळात वायरमन होते, शिराळा तालुक्यात. वळवाचा पाऊस आला की आधी लाइट जायची आणि अर्ध्या तासात कुणीतरी बॅटरी घेऊन दारात उभं राहायचं, "आण्णा, डीपीवर जाळ झालाय बघा." आई म्हणायची, "तेवढी भाकरी संपवून जावा." तोवर ते सायकलला दोर नि पक्कड अडकवून निघालेले असायचे. गावात उजेड पडायचा तेव्हा आम्ही दोघं भाऊ झोपून गेलेलो असायचो.

'सुपरमॅन अँड लोइस' ही मालिका मी माझ्या नववीतल्या मुलासोबत पाहिली. चार सीझन, एकूण ५३ भाग, रोज रात्री जेवणं झाली की एक. उडणाऱ्या माणसांच्या गोष्टींची मला आवड नव्हती, पोराने हट्ट केला म्हणून बसलो. पण पहिल्याच भागात कळलं की ही ताटावरून उठणाऱ्या बापाची गोष्ट आहे. सगळं जग त्याला हाका मारतं, आणि घरात दोन पोरं त्याची वाट बघत असतात.

अमेरिकेच्या सीडब्ल्यू वाहिनीवर ही मालिका फेब्रुवारी २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात आली. टॉड हेल्बिंग आणि ग्रेग बर्लांटी यांनी ती उभी केली. टायलर हेकलिन क्लार्क केंट म्हणजे सुपरमॅन झालाय, एलिझाबेथ टलक त्याची बायको लोइस. सुपरमॅनची गोष्ट बहुतेक वेळा जिथे संपते तिथे ही सुरू होते. लग्न होऊन गेलंय, जुळी मुलं चौदा वर्षांची झालीत, वर्तमानपत्रातली नोकरी कपातीत जाते, आई वारते आणि कुटुंब महानगर सोडून कॅन्ससमधल्या स्मॉलव्हिल या गावी शेतावरच्या जुन्या घरात राहायला येतं. ग्रहाचा स्फोट, बाळाचं यान, शेतकरी आईबाप, लोइसची भेट हा सगळा पूर्वेतिहास क्लार्क स्वतःच्या आवाजात पाच मिनिटांत सांगून मोकळा होतो. याच सुरुवातीत तो एका मुलाला वाचवण्यासाठी हिरवी मोटार दोन्ही हातांवर झेलतो. १९३८ साली सुपरमॅन ज्या चित्रकथा-मासिकात पहिल्यांदा आला त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन तशीच गाडी उचलून उभा आहे, त्याची ही आठवण. मुलगा म्हणतो, पोशाख छान आहे. सुपरमॅन हसून सांगतो, थँक्स, आईने शिवलाय. मालिकेला कुठे जायचंय ते या एका उत्तरात कळतं. त्या निळ्या कापडाला लगेच शिलाई मशीन आणि आईचे हात मिळतात.

ही मालिका मला इतकी धरून का राहिली, याचं उत्तर तिच्या एका निर्णयात आहे. मुलं जुळी आहेत आणि शक्ती एकालाच मिळते.

जोनाथन खेळाडू, हसरा, सगळ्यांचा लाडका. जॉर्डन अबोल, लोकांत गेला की जीव घाबरा होणारा, त्यासाठी उपचार घेणारा. धान्याच्या कोठारात एक अपघात होतो, दोघांवर लोखंडी नळ्यांचा ढीग कोसळतो आणि दोघंही जिवंत बाहेर येतात. शक्ती जोनाथनलाच आली असणार असं सगळ्यांना वाटतं, बघणाऱ्यालाही. ती निघते जॉर्डनची. लेखकांनी इथे नुसता धक्का दिलेला नाही, पुढच्या तीन सीझनचं भांडवल गोळा केलंय. ज्या मुलाला स्वतःचं शरीरच आवरत नाही त्याच्या डोळ्यांतून आग निघते. ज्याच्याकडे सगळं होतं त्याच्याकडे आता ती एक गोष्ट नाही, आणि वडिलांच्या लेखी नेमकी तीच महत्त्वाची ठरते. क्लार्क कुणाला कमी लेखत नाही. पण शिकवायला तो जॉर्डनलाच घेऊन जातो, आणि तेवढ्यानेही घरातली जागा बदलते.

इथे मी अडकलो. आमच्या घरात आण्णांच्या मागे खांबावर चढला तो दादा. त्याला उंचीची भीती नव्हती. आण्णांनी त्याला पोरवयातच शिकवलं की तारेला हात लावायच्या आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद घ्यायची, आणि बंद झाली असं कुणी सांगितलं तरी टेस्टरने स्वतः बघायची. मला पाचव्या फुटावर घेरी यायची. मी खाली उभा राहून बॅटरी धरायचो. आण्णा मला कधी टाकून बोलले नाहीत. पण रात्री ते दोघं परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला एकच वास असायचा, जळक्या तारेचा आणि ओल्या खांबाचा. माझ्या अंगाला तो नसायचा. जोनाथन खिडकीत उभा राहून बाप आणि भावाला उडून जाताना बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये याच जोनाथनच्या हाती एक औषध लागतं, ज्याने थोड्या वेळापुरती ताकद येते. भावाच्या बरोबरीला यायचं म्हणून तो ते घेतो, पकडला जातो, शाळेतून काढला जातो आणि ज्या मुलीमुळे ते मिळालं तिचं नाव काही केल्या सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर बाप चिडतो तेव्हा कोण बरोबर हे ठरवणं कठीण जातं. त्या रात्री माझं पोरगं म्हणालं, "पप्पा, नाव सांगितलं असतं तर तो वाचला असता की." मी म्हटलं, "वाचला असता. मग?" बराच वेळ विचार करून ते म्हणालं, "नको सांगायला."

दुसरी हुशारी क्लार्कच्या कानांची. त्याला कोसांवरचं ऐकू येतं. जुन्या गोष्टींमध्ये हे वरदान असायचं, इथे लेखकांनी त्यावर घरचा पेच बसवलाय. मुलगा समोर बसून मनातलं सांगत असतो आणि बापाची मान हलकेच वळते, डोळे दूर जातात. कुठेतरी पूल कोसळत असतो. कॅमेरा पुलाकडे धावत नाही, बोलणं अर्धवट राहिलेल्या मुलाच्या तोंडावर थांबतो. हीच श्रवणशक्ती उलट्या बाजूनेही येते. गावातल्या नव्या शाळेत मुलांचं कसं चाललंय ते क्लार्क काळजीपोटी चोरून ऐकतो, मुलांना ते कळतं आणि ती भडकतात. बापाने ऐकावं असं वाटतं तेव्हा तो नसतो आणि ऐकू नये तेव्हा असतो, हे चौदा वर्षांच्या मुलाचं गाऱ्हाणं. त्यासाठी यापेक्षा नेमकं साधन मला तरी सुचणार नाही.

एकाच्या घरासमोर दुसऱ्याचं घर ठेवायची पद्धत 'स्मॉलव्हिल' या आधीच्या मालिकेपासून चालत आलेली. ती २००१ ते २०११ अशी दहा सीझन चालली. तिच्यात शेतकरी जोनाथन केंट आणि धनाढ्य लायनेल लूथर (सुपरमॅनचा पुढचा कट्टर शत्रू लेक्स याचा बाप) हे दोन बाप समोरासमोर होते, आणि दोघांच्या मुलांचं त्यांच्या हातून काय होतं ते आपण वर्षानुवर्षं बघत होतो. शंभराव्या भागात क्लार्क प्रेयसीला वाचवायला काळ मागे फिरवतो आणि तिच्या बदली वडिलांना गमावतो. तो भाग आजही बघवत नाही.

नव्या मालिकेने हा आरसा जास्त बारकाईने वापरलाय. पहिल्या भागाच्या शेवटी चिलखतातला एक अनोळखी शत्रू दिसतो आणि त्याच्या यानाचा आवाज त्याला कॅप्टन लूथर म्हणतो. आपण नावावर विश्वास ठेवून त्याला खलनायकांच्या रांगेत बसवतो. पुढे कळतं की तो जॉन हेन्री आयर्न्स, दुसऱ्या पृथ्वीवरचा. तिथे लोइस त्याची बायको होती, त्यांना एक मुलगी होती आणि तिथल्या सुपरमॅननेच लोइसला मारलं. म्हणजे इतके दिवस आपण ज्याला शत्रू म्हणत होतो तो घर गमावलेला एक बाप होता. वोल पार्क्सने हे काम फार संयमाने केलंय. लोइसकडे बघताना तो एक क्षण जास्त बघतो आणि लगेच नजर काढून घेतो, इतकंच.

पहिल्या सीझनचा अकरावा भाग तर या मालिकेतलं सर्वांत नेटकं काम आहे. घर सोडणारा तरुण क्लार्क, बर्फातला किल्ला, वर्तमानपत्रातला पहिला दिवस, लोइस, लग्न, जुळ्यांचा जन्म असं सगळं ओळीने उलगडत जातं. आपण निवांत होतो, वाटतं आज आठवणींचा भाग आहे. मग मध्येच काहीतरी खटकतं, आणि लक्षात येतं की क्लार्क काहीच आठवत बसलेला नाही. त्याचा सावत्र भाऊ टॅल-रो त्याच्या डोक्यात शिरून ते उपसतोय, त्याचं मर्म शोधतोय. फ्लॅशबॅक नेहमी प्रेक्षकाला माहिती द्यायला येतो, इथे ती माहिती शत्रूला मिळतेय, आणि मघापासून रमलेले आपणही त्या चोरीत सामील आहोत. क्लार्कचं मर्म म्हणजे अर्थातच मुलं. हा टॅल-रोही मेलेल्या बापाच्या हुकमात जगणारा. एका भावाचा बाप स्फटिकातून दिसतो तो वाट दाखवायला, दुसऱ्याचा दिसतो तो राबवून घ्यायला.

एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते. सुपरमॅनचा एक जनक जेरी सीगल याचे वडील क्लीव्हलँडमध्ये कपड्यांचं दुकान चालवायचे. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले तेव्हा त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. गोळी लागत नाही असा माणूस त्यातून सुचला, असं मानणारे बरेच आहेत. मालिकेत हा संदर्भ कुठे येत नाही, मी मात्र तो डोक्यात ठेवूनच बघत होतो.

उणं काय, तेही सांगतो. दुसऱ्या सीझनमधलं उलटं जग आणि ॲली ऑलस्टनचा पंथ फार लांबलाय. पाच-सहा भाग तरी मुलगा बघत होता आणि मी ताटं विसळत होतो. क्लार्कची गावातली जुनी मैत्रीण लॅना लँग हिच्या घरातली भांडणं आणि तिची नगराध्यक्षपदाची निवडणूक कमी चालली असती. तिसऱ्या सीझनपासून जोनाथनचा नट बदलला. जॉर्डन एल्सास जाऊन मायकल बिशप आला. मुलगा चांगला आहे, पण जी व्यक्तिरेखा आधीच भावाच्या सावलीत होती तिचा चेहराही बदलावा याचं वाईट वाटलं.

तरी तिसरा सीझन चुकवू नका. लोइसला स्तनाचा कर्करोग होतो. सुपरमॅन तिथे एका बाजूला खुर्चीत बसून असतो, औषध थेंब थेंब उतरत असतं आणि त्याच्या हाताला काही काम नसतं. ते प्रसंग टलकने असे केलेत की टीव्ही बंद केल्यावर आम्ही दोघं लगेच उठलो नाही. याच सीझनमध्ये जोनाथन गावच्या अग्निशमन दलात शिकाऊ म्हणून जातो. शक्ती नाही, उडता येत नाही, अंगावर जड कोट आणि पाठीवर सिलिंडर. शक्ती नसलेल्या मुलाला मालिकेने दिलेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर होतं. वडिलांचंच काम, पण माणसाच्या अंगाने करायचं.

म्हणून चौथ्या सीझनवर माझा खरा राग आहे. तिथे जोनाथनलाही शक्ती मिळते. माझा मुलगा टाळ्या वाजवत उठला, त्याच्या आनंदावर मी पाणी टाकलं नाही. पण तीन वर्षं जपून उभं केलेलं ते मुलाचं वेगळेपण लेखकांनी एका झटक्यात पुसलं. त्याला कोटातच राहू द्यायला हवं होतं. आगीतून एखाद्याला पायऱ्यांवरून खांद्यावर घेऊन येणारा जोनाथन आणि वरून बघणारे बाप-भाऊ, या दृश्याची मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

चौथा सीझन दहाच भागांचा आहे, खर्च आटलेला दिसतो आणि ओळखीचे बरेच चेहरे क्वचित येतात. मायकल कडलिट्झचा लेक्स लूथर मात्र जबरदस्त. टक्कल, दाढी, खालच्या पट्टीतला आवाज, आणि न केलेल्या खुनासाठी तुरुंगात घालवलेल्या वर्षांत हातची गेलेली मुलगी. तोही बापच. सुपरमॅन मरतो आणि परत येतो तो सासऱ्याच्या, जनरल सॅम लेनच्या, हृदयावर. आयुष्यभर जावयाला शस्त्र समजलेल्या माणसाने स्वतःचं काळीज द्यावं, ही कल्पनाच मोठी आहे. त्यात एक खोच ठेवलीय. हृदय माणसाचं, म्हणून सुपरमॅन आता म्हातारा होणार. केस पिकणार, दम लागणार.

शेवटच्या भागात पुन्हा क्लार्कचा तोच आवाज येतो जो पहिल्या भागात गोष्ट सांगत होता. चार वर्षं आपण कुणाचं आणि कुठून सांगितलेलं ऐकत होतो ते तेव्हा कळतं. जास्त सांगत नाही. त्या भागात एक कुत्रा आहे, एवढंच सांगतो.

भाषा साधी इंग्रजी आहे, खाली अक्षरं लावून घेतली की अडत नाही. मारामारी आहे पण किळसवाणं काही नाही, बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत बसायला हरकत नाही. कर्करोगाचा भाग घरात कुणी त्यातून जात असेल तर आधी एकट्याने बघा.

दिवाळीत गावी जातोय. दादा आता रिटायर झालाय, गुडघ्यामुळे जिना चढत नाही. पहिला भाग त्याला दाखवायचा असं पोराने ठरवलंय. शेजारी बसून तो काकाला सगळं मराठीत सांगणार आहे, आणि आईला आधीच बजावून ठेवलंय की भाग संपेपर्यंत कुणाला जेवायला हाक मारायची नाही.