दहावीच्या वर्गाचे स्मरणपुस्तक : एका छपाई पॅकेजचे परीक्षण

निरोप समारंभाच्या दिवशी दहावीच्या मुलांच्या हाती वर्षभराच्या आठवणींचे छापील पुस्तक देण्याची पद्धत आता मोठ्या शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुरती राहिलेली नाही. साताऱ्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीचा वर्गशिक्षक आहे आणि यंदा आमच्या वर्गाने शहरातील एका डिजिटल छपाई केंद्राचे असे पॅकेज घेतले. केंद्राचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच वस्तू आता तालुक्याच्या गावीही मिळते आणि हे परीक्षण दुकानाचे नसून वस्तूचे आहे. ए-फाइव्ह आकार, ६४ पृष्ठे, आत १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) ग्लॉसी आर्ट पेपर, मॅट लॅमिनेशन केलेले जाड मुखपृष्ठ आणि परफेक्ट बाइंडिंग (पाने पाठीला गोंदाने चिकटवलेली बांधणी) असे पुस्तकाचे स्वरूप असून एका प्रतीस सुमारे तीनशे रुपये पडले. पुस्तक घेण्याजोगे आहे. मात्र केंद्र ज्या सजावटीचे पैसे घेते ती अगदी सामान्य आहे आणि मुलांनी स्वतः लिहून आणलेल्या पानांमुळेच त्याला मोल आले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सजावटीचे सांगायचे, तर केंद्राकडे तयार साचे असतात आणि त्यांत फक्त छायाचित्रे बदलली जातात. गणवेशातल्या, वेण्या घातलेल्या मुलींच्या छायाचित्राभोवती पदवीदानाच्या चौकोनी काळ्या टोप्या उडताना दाखवण्यात काय औचित्य आहे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. ‘बेस्ट फ्रेंड्स फॉरएव्हर’ ही ओळ तर निरनिराळ्या पानांवर पुन्हा पुन्हा येत होती. आम्ही टोप्या आणि ओळी काढून टाकण्यास सांगितल्यावर केंद्राने कुरकुर न करता त्या काढल्या, पण मोकळ्या झालेल्या जागी काय द्यावे हे त्यांना सुचले नाही. तिथे मग वर्गातल्याच एका मुलीने काढलेली प्रयोगशाळेची, जिन्याची आणि सायकलींच्या शेडची रेखाचित्रे टाकली, आणि ती साच्यातल्या कोणत्याही नक्षीपेक्षा सरस ठरली.

पुस्तकाचा गाभा म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले अर्धे पान. ही पाने स्कॅन करून जशीच्या तशी छापली आहेत. केंद्राचा आग्रह सगळा मजकूर टाइप करून घेण्याचा होता, कारण त्यामुळे पान ‘स्वच्छ’ दिसते. आमच्या मराठीच्या बाईंनाही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तशाच छापणे पटले नव्हते, पण या पुस्तकाला गुण द्यायचे नाहीत एवढ्यावर त्या राजी झाल्या. शिक्षकदिनी दहावीची मुले शिक्षक होऊन तास घेतात, तेव्हा पायथागोरसचे प्रमेय सिद्ध करून दाखवत असताना आपल्याच बाकावरचा मित्र दर ओळीला ‘सर, कळलं नाही’ म्हणत कसा उभा राहिला, हे एकाने लिहिले आहे. त्या मित्राने आपल्या पानावर उत्तर दिले आहे की त्याला खरोखरच कळले नव्हते. वर्गात क्वचितच तोंड उघडणाऱ्या एका मुलाने केवळ एसटीविषयी लिहिले आहे : पहिली गाडी चुकली की प्रार्थना चुकते, दुसरीला उशीर झाला की पहिला तास चुकतो, आणि वाहक कोण आहे यावर दप्तर मांडीवर घ्यायचे की टपावर टाकायचे हे ठरते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी वर्षभर खुणा करीत होतो, पण त्यांमागचे वेळापत्रक मला या पानावरून समजले. शाळेच्या हस्तलिखिताची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तिची अडचण एवढीच की प्रत एकच असते आणि ती ग्रंथालयाच्या कपाटात राहते. इथे तीच गोष्ट प्रत्येक घरी जाते.

आता बांधणी आणि कागद. परफेक्ट बाइंडिंगचे पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. मालवणच्या सहलीत सिंधुदुर्गाच्या तटावर काढलेले सगळ्या वर्गाचे छायाचित्र साच्याप्रमाणे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरले असल्याने मधली मुले बांधणीत गडप झाली आहेत. अशी छायाचित्रे एकाच पानावर आडवी घ्यावीत, किंवा पाने कमी असल्यास सेंटर पिनची, म्हणजे मधोमध पिना मारलेली, बांधणी मागावी. त्यासाठी पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. त्याहून त्रासाची बाब शेवटच्या स्वाक्षऱ्यांच्या पानांची आहे. ग्लॉसी कागद जेल पेनाची शाई लवकर शोषत नाही, त्यामुळे समारंभात घाईघाईने घेतलेल्या शुभेच्छा पुढच्याच पानावर उमटल्या. शेवटची चार-आठ पाने साध्या, चकाकी नसलेल्या मॅपलिथो कागदाची लावून देणे कोणत्याही छपाईवाल्याला अवघड नाही, पण ते ग्राहकाने मागावे लागते.

मजकूर युनिकोडमध्ये दिला तरी मुद्रित तपासणीची प्रत कागदावरच मागावी. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केलेली नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि रफार सुटून पडतो. आमच्या पहिल्या प्रुफात मथळ्यांची हीच दशा होती आणि ती केंद्रातील कोणाच्याही नजरेस आली नव्हती. छायाचित्रेही व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. रंगांबद्दल मात्र तक्रार नाही; स्नेहसंमेलनातल्या नऊवारींचे रंग अपेक्षेहून चांगले आले आहेत.

वेळेचे गणित अलीकडे अधिक कठीण झाले आहे. २०२४ साली दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती, २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. साहजिकच निरोप समारंभही अलीकडे ओढला गेला आणि जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या धामधुमीत मुलांकडून पाने गोळा करणे जवळजवळ अशक्य ठरते. हस्ताक्षरातली पाने दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्यावीत आणि जानेवारीसाठी फक्त स्नेहसंमेलनाची छायाचित्रे शिल्लक ठेवावीत.

तीनशे रुपये ही रक्कम सगळ्याच घरांना सोसणारी नसते. आम्ही काही प्रतींचा खर्च शिक्षकांनी वाटून घेतला आणि कोणाची प्रत कोणत्या पैशांतून आली याची वर्गात वाच्यता होऊ दिली नाही. कमी पानांचे, आतून काळ्या-पांढऱ्या छपाईचे आणि स्वस्त असे रूप केंद्राच्या यादीत नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही तेच मागणार आहोत, कारण हस्ताक्षराला रंगीत छपाईची गरज पडत नाही. पुस्तकाच्या पीडीएफसाठी केंद्राने नंतर वेगळे पैसे मागितले, तेव्हा ती फाइल किमतीत धरली आहे हे ऑर्डर देतानाच पावतीवर लिहून घ्यावे.