टांगत्या कुंडीला अस्तर काथ्याचं की प्लास्टिकचं?

पुण्यात बाल्कनीतल्या टांगत्या कुंडीचे हाल दोन्हीकडून होतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांना टेकतो तेव्हा सकाळी भिजवलेली माती संध्याकाळी खडखडीत. आणि वर्षाच्या ७०० मिलिमीटरच्या आसपास पावसातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो, तेव्हा तीच माती गच्च.

तारेच्या टोपलीला काथ्याचं अस्तर असेल तर निचऱ्याची चिंता नाही. पाणी सगळीकडून झिरपतं, मुळांना हवा मिळते, पावसाळ्यात झाड सडत नाही. उन्हाळ्यात मात्र हाच गुण अंगाशी येतो. दोन वेळा पाणी घालावं लागतं, आणि एकदा माती सुकून कडेपासून सुटली की घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. मग टोपली बादलीत बुडवून ठेवायची. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर भांडण वेगळं.

प्लास्टिकचं अस्तर ओल धरतं. पण भोकं पाडली नाहीत तर ती कुंडी नाही, डबकं. भोकं कुठे पाडता यावर सगळं आहे. अगदी तळाला पाडली तर पाणी निघून जातं. तळापासून दोन बोटं वर, कडेला पाडली तर खाली थोडा साठा राहतो. मे महिन्यात तो साठा झाड जगवतो, जुलैत मुळं कुजवतो.

इथे एक जुनी समजूत मोडायला हवी. निचरा व्हावा म्हणून तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरतात. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत वरच अडून बसतं. म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा माती अडवायला पुरे. निचरा सुधारायचा तर मातीच सुधारा: आपली काळी चिकट माती टांगत्या कुंडीत नकोच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं शेणखत आणि थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) घाला. वजनही कमी होतं, हुकाला बरं.

ताटली चिकटवलेली प्लास्टिकची कुंडी? थेंब गळत नाहीत, भाड्याच्या घरात सोयीची. पावसाळ्यात मात्र ताटली काढाच; साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात.

मी स्वतः काथ्याच्या आत, फक्त खालच्या तिसऱ्या भागात, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या पसरतो. तळाला तापवलेल्या दाभणाने सात-आठ भोकं. नेचे, मनी प्लांट यांना हे मानवतं. चिनी गुलाबाला नुसता काथ्याच बरा, त्याला कोरडं आवडतं. लावून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा. वर तळं साचून राहिलं तर पुन्हा दाभण तापवा.