लंडनमधलं एलएलएम, अकरा महिन्यांनंतर : ५२० शब्दांच्या तळटिपा आणि बाकीचं सगळं

परवा विद्यापीठाचं शेवटचं पत्र आलं. एका निबंधाचे शब्द जास्त भरले म्हणून कापलेले ५ गुण परत मिळणार नाहीत. चार महिने मी या ५ गुणांच्या मागे होते. आता विद्यापीठाच्या आत दाद मागायला जागा उरलेली नाही, म्हणून अकरा महिन्यांचा सगळा अनुभव लिहून काढते.

कोर्सची रचना थोडक्यात सांगते. एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, १८० क्रेडिट, त्यातले १२० वर्गातल्या विषयांचे आणि ६० प्रबंधाचे. मला घटनात्मक कायद्याबरोबर राजकीय सिद्धान्तही शिकायचा होता, त्यामुळे चारपैकी दोन विषय कायदा विभागाचे घेतले आणि दोन राज्यशास्त्र विभागाचे. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनला आले. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी तळटिपांचं सांगते, कारण त्यांनीच माझं वर्ष खाल्लं.

ब्रिटनमध्ये कायद्याच्या लिखाणाला सहसा संदर्भ देण्याची ऑस्कोला पद्धत लागते. खटल्याचं नाव तिरप्या अक्षरांत, संक्षेपांत टिंब नाही, आणि सगळे संदर्भ पानाच्या तळाशी. राज्यशास्त्रवाले बहुधा हार्वर्ड पद्धतीने जातात, म्हणजे वाक्यातच कंसात आडनाव आणि वर्ष. दोन्ही शिकायला फार तर एक शनिवार-रविवार जातो. खरा घोळ शब्दमर्यादेचा आहे. आमच्या कायदा विभागाचं हँडबुक म्हणतं की निव्वळ संदर्भ देणाऱ्या तळटिपा शब्दसंख्येत धरायच्या नाहीत. राज्यशास्त्र विभागाचं हँडबुक म्हणतं की शेवटची संदर्भसूची सोडून सगळं धरायचं. माझा निबंध न्यायशास्त्राच्या विषयाचा होता. शिकवणारे प्राध्यापक कायदा विभागाचे, पण कागदोपत्री विषय राज्यशास्त्राच्या खात्यात. प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट छापलेलं होतं की ऑस्कोला वापरा. मी वापरली.

मर्यादा ४,००० शब्दांची. माझा मजकूर ३,९४० शब्दांचा आणि तळटिपा ५२० शब्दांच्या. बेरीज ४,४६०, म्हणजे साडेअकरा टक्के जास्त. १० टक्क्यांच्या वर गेलं की ५ गुण वजा. मार्चअखेर निकाल लागला तेव्हा पडद्यावर आधी ७१ दिसले आणि खालच्या ओळीत ६६. इथे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. या वर्षात मला सत्तरीच्या पुढे गुण मिळाले ते या एकाच निबंधाला, आणि तेही त्या एका ओळीपुरते.

ज्यांनी कायद्याचं लिहिलेलं नाही त्यांना ५२० शब्द उधळपट्टी वाटेल. पण २००५ चा जॅक्सन खटला एकदा उद्धृत करून बघा. शिकारबंदीच्या कायद्यावरून झालेला, आणि ज्यात काही न्यायाधीशांनी संसदेच्या सार्वभौमत्वालाही मर्यादा असू शकते असं सुचवलं, तोच. पक्षकारांची नावं, वर्ष, न्यायालय, क्रमांक, परिच्छेद आणि न्यायाधीशाचं नाव मिळून दहा-बारा शब्द होतात. असे चाळीस संदर्भ दिले की झालं.

आता पैशाचं. फी २९,००० पौंड. प्रत्येक विषयाला आठवड्याला दोन तासांचं सेमिनार, वर्षाचे वीस आठवडे, चार विषय, म्हणजे एकूण १६० तास. भागाकार केला तर तासाला १८१ पौंड पडतात. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. ऑक्टोबरात एक सेमिनार रद्द झालं आणि बदली तास लागला नाही, तेव्हा ३६२ पौंड गेले असं मी खरोखरच मांडून ठेवलं. त्यात व्हिसाची फी, २०२४ मध्ये ४९० पौंड होती. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पण व्हिसा कोर्सनंतरच्या चार महिन्यांसकट मिळतो म्हणून तो दीड वर्षाचा भरावा लागतो : १,१६४. खर्चाला पुरतील एवढे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवायचे, ते वेगळेच. नोव्हेंबरपर्यंत माझं पक्कं मत झालं होतं की हा सौदा वाईट आहे. त्या वेळी हे परीक्षण लिहिलं असतं, तर कुणीही येऊ नका एवढंच लिहिलं असतं.

ते मत डिसेंबरात बदललं, आणि त्याला कारण झाली अर्ध्या तासाची एक भेट.

इथे प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स असतात. आठवड्यातून ठरलेल्या वेळी ते खोलीत बसतात आणि कुणीही वेळ घेऊन जाऊ शकतं. पहिले दोन महिने मी गेलेच नाही. शंका नसताना कशाला त्यांचा वेळ घ्यायचा, असं वाटायचं. शिवाय त्यांना नावाने हाक मारायची, सर नाही की मॅडम नाही, तेही जिभेवर येत नव्हतं. डिसेंबरात सरावाचा निबंध परत आला तो ५८ गुणांचा. तो घेऊन गेले. बाईंनी निबंध बाजूला ठेवला, एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलं, तुमचा युक्तिवाद यावर दोन ओळींत लिहा. मला लिहिता आला नाही. मग त्यांनी माझ्याच निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. हार्ट. डायसी. रॉल्स. हार्ट. फुलर. सगळे परिच्छेद कुणा ना कुणा विचारवंताच्या नावाने सुरू होत होते. 'ही माणसं काय म्हणाली ते मला ठाऊक आहे,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही काय म्हणता, आणि तुमचं म्हणणं पाडायला सगळ्यात जड आक्षेप कोणता?' अर्ध्या तासात आम्ही तो आक्षेप शोधला आणि कागदावर लिहिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे निवाडे पाठ होते, कलमं पाठ होती, आणि दुसऱ्याचं मत नीट मांडता येणं म्हणजेच हुशारी समजली जायची. त्या दिवसानंतर मी दर पंधरा दिवसांनी कुणा ना कुणाच्या खोलीत गेले. हे तास माझ्या १६० मध्ये धरलेलेच नव्हते. तासाला १८१ हा आकडा मी वहीतून खोडला.

राजकीय सिद्धान्ताचे वर्ग तर माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले निघाले. एकच प्रसंग सांगते. विषय रवांडाचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की आश्रयासाठी आलेल्यांना रवांडाला पाठवण्याचं धोरण बेकायदेशीर आहे, कारण तिथून त्यांना जिथे धोका आहे त्याच देशात परत धाडलं जाण्याची खरी भीती आहे. त्यावर एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा करून रवांडा सुरक्षित देश असल्याचं ठरवून टाकलं. मी हात वर करून म्हटलं, हा कायदा न्यायालय रद्द करेल. घटनेची मूळ चौकट संसदेलाही बदलता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारती निवाडा आमच्या अंगात भिनलेला आहे. १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. शेजारची जर्मन मुलगीही माझ्याच बाजूने बोलली, कारण त्यांच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलम ७९(३) प्रमाणे काही तत्त्वांना घटनादुरुस्तीनेही हात लावता येत नाही. समोरचा इंग्रज मुलगा शांतपणे म्हणाला, आमच्याकडे न्यायालयाला असा अधिकारच नाही. फार तर मानवी हक्कांशी विसंगत आहे असं जाहीर करता येईल, कायदा तसाच उभा राहील. ती योजना नव्या सरकारने तोवर सोडून दिली होती, पण आमचा वाद त्या दिवशी दोन तास चालला आणि शेवटी प्रश्नच उलटला. निवडून न आलेल्या सात जणांनी संसदेला अडवावं हे तुम्हाला इतकं साहजिक का वाटतं, असं मला विचारलं गेलं. आधी राग आला. मग रात्री दोनपर्यंत वाचत बसले. माझा प्रबंध त्या रात्रीतून निघाला आहे.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात. ई-पुस्तकं एका वेळी एकालाच उघडतील अशा परवान्यावर घेतलेली असतात. निबंधाच्या आठवड्यात वर्गातले पंधराही जण तेच प्रकरण उघडायला बघतात. २९,००० पौंड घेणाऱ्यांनी हे करू नये. उपाय असा की रसेल स्क्वेअरच्या इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड लीगल स्टडीजच्या ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात करून घ्या. ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पासही फुकट मिळतो. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यातून ती २०२५ मध्येही पूर्ण सावरलेली नव्हती, तरी जायला हवं. निवाडे बैली या संकेतस्थळावर आणि नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर मोफत आहेत.

आणि सर्वोच्च न्यायालय! पार्लमेंट स्क्वेअरला, संसदेच्या समोरच. पिशवी तपासून आत सोडतात, तिकीट नाही, आधी नाव नोंदवायला लागत नाही. न्यायाधीशांच्या डोक्यावर विग नाही, अंगावर झगा नाही. याच इमारतीत प्रिव्ही कौन्सिल हे काही जुन्या वसाहतींचं शेवटचं अपील न्यायालयही बसतं, ज्याच्याकडे १९४९ पर्यंत भारतातली अपिलं जायची. फेब्रुवारीत तिथे मॉरिशसचं एक अपील ऐकलं. वकिलाने तिसरं वाक्य सुरू केलं आणि एका न्यायाधीशाने त्याला थांबवून विचारलं, तुमचं हे म्हणणं मान्य केलं तर पुढच्या खटल्यात आम्ही कुठे थांबायचं? ऑफिसमधल्या त्या कोऱ्या कागदाची आठवण झाली. त्यानंतर जमेल तेव्हा गुरुवारी जात राहिले. वर्षातला माझा सगळ्यात चांगला वेळ एक पैसा न देता गेला.

नोकरीसाठी येणाऱ्यांनी एवढं नीट वाचावं. एलएलएमने इथे सॉलिसिटर होता येत नाही. त्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, दोन्ही टप्पे मिळून फी साडेचार हजार पौंडांच्या वर, आणि ती देण्यासाठी इथलं एलएलएम असण्याची अटच नाही. नंतर राहण्यासाठीचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा २०२५ मध्ये दोन वर्षांचा होता. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तो दीड वर्षावर आणायचं जाहीर केलं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. फी वसूल करायचा हिशेब मनात असेल, तर या वाटेने तो जमत नाही.

आता पुन्हा ५ गुणांकडे.

निकालाविरुद्ध जाता येतं, पण शैक्षणिक निर्णयाविरुद्ध नाही. ७१ का, ७५ का नाहीत, हे विचारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं वेगळं होतं. ७१ हा परीक्षकाचा शैक्षणिक निर्णय; वजा ५ हा नियमाचा वापर. आणि नियमच दोन आहेत, एकमेकांच्या विरुद्ध. मी ज्या निबंधासाठी हे गुण गमावले त्याचा विषय चांगला कायदा कसा असावा याबद्दलची लॉन फुलरची आठ तत्त्वं हाच होता. नियम जाहीर केलेला हवा, स्पष्ट हवा, त्यात अंतर्विरोध नको, पाळता येईल असा हवा. तक्रारीच्या अर्जात मी दोन्ही हँडबुकांतली वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली, प्रश्नपत्रिकेवरची ऑस्कोलाची ओळ खाली जोडली, आणि दोन ओळींत युक्तिवाद लिहिला. एकाही पंडिताचं नाव घेतलं नाही.

विभागाने पहिल्या टप्प्यावर नाकारलं. विद्यापीठाने फेरविचारात मान्य केलं की दोन हँडबुकांत विसंगती आहे आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक प्रश्नपत्रिकेवरच शब्दमोजणीचा नियम छापला जाईल. माझे गुण मात्र तसेच, कारण विषय ज्या खात्यात त्या खात्याचं हँडबुक बघणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी. हे मला मान्य नाही. चूक मान्य करायची, पुढच्यांसाठी सुधारायची, आणि जिच्यामुळे ती उघडकीला आली तिलाच तिचा भुर्दंड ठेवायचा, हे मी सोडणार नाही. तुम्ही दोन विभागांचे विषय घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात शब्दमोजणीचा नियम ईमेलवर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मी तोंडी विचारलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

परवाच्या पत्राला इथे कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स लेटर म्हणतात. ते हातात आलं की बारा महिन्यांच्या आत विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या इंग्लंड आणि वेल्सच्या ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अॅडज्युडिकेटरकडे जाता येतं, आणि विद्यार्थ्याला त्याची फी नाही. प्रबंध १ सप्टेंबरला द्यायचा आहे. त्याच्या तळटिपा मोजायच्या की नाहीत, याचं लेखी उत्तर जूनमध्येच घेऊन ठेवलंय. अर्जाचा मसुदा तयार आहे. ८ तारखेला पाठवते.