बालकामगार कायदा: १९८६चा बरा की २०१६चा?

१९८६च्या कायद्यात १४ वर्षांखालच्या पोरांना फक्त यादीतल्या धोक्याच्या कामांवर बंदी होती, म्हणजे यादीत नाव नाही तर तासांची मर्यादा पाळून पोरगं कामाला लावता यायचं, आणि दंड १० ते २० हजार, जेल ३ महिने ते १ वर्ष. २०१६ला दुरुस्ती झाली, १४च्या आत सगळ्याच कामांना बंदी, १४ ते १८वाल्यांना धोक्याची कामं बंद, दंड २० ते ५० हजार, जेल ६ महिने ते २ वर्षं आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस थेट कारवाई करू शकतात.

कागदावर नवीनच भारी, वादच नाही. पण त्यात एक फट ठेवलीय ना राव, शाळा सुटल्यावर नि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत चालते. आता बीडकडची ऊसतोड बघा, उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) आई-बापाची, कोयता (म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी) त्यांच्या नावावर, पण दहा वर्षांची पोरगी उसाच्या फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते नाहीतर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते. हा घरचा धंदा थोडीच आहे, तरी विचारलं की मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, म्हणणार, आईला मदत करतेय! तिची शाळा राहिली गावाकडं. जुनी यादी अपुरी होती पण निदान सरळ होती, इथं मदत कुठं संपते नि मजुरी कुठं सुरू होते ते ठरवणार कोण? मी नव्याच्याच बाजूनं, फक्त ती सवलत काढा.