क्लँगचे कोड कम्प्लीशन: लिबक्लँग घ्यावे की क्लँगडी?

सी प्लस प्लसमध्ये एखाद्या चलापुढे टिंब दिल्यावर तिथे काय काय येऊ शकते, याचे खात्रीचे उत्तर कंपायलरच देऊ शकतो, कारण टेम्प्लेट, मॅक्रो आणि ओव्हरलोड यांचा उलगडा झाल्याशिवाय त्या चलाचा प्रकारच कळत नाही. २००७ मध्ये अ‍ॅपलने मुक्तस्रोत केलेल्या क्लँग या फ्रंट-एंडमध्ये (कंपायलरच्या कोड वाचून समजून घेणाऱ्या भागात) म्हणूनच कोड कम्प्लीशनची, म्हणजे पुढे येऊ शकणारी नावे सुचवण्याची, सोय पार्सरच्या (कोडची रचना उलगडणाऱ्या भागाच्या) आत बसवलेली आहे. कर्सरच्या जागी एक खास टोकन (खूणचिन्ह) ठेवले जाते आणि पार्सर तिथवर पोहोचला की त्या ठिकाणी चालतील अशी नावे गोळा केली जातात. हे इंजिन वापरण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत: लिबक्लँग ही लायब्ररी आणि क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला अशा सूचना पुरवणारा स्वतंत्र प्रोग्राम.

लिबक्लँगचा इंटरफेस सी भाषेत आहे, तो आवृत्ती बदलली तरी सहसा मोडत नाही, आणि पायथनमधूनही वापरता येतो. प्रत्येक सूचना तुकड्यांत मिळते: परतीचा प्रकार, टाइप करायचे नाव, आर्ग्युमेंटच्या रिकाम्या जागा आणि प्राधान्याचा अंक, जो जितका लहान तितकी सूचना वरची. मात्र अर्धवट लिहिलेल्या शब्दानुसार यादी गाळणे हे काम लायब्ररी करत नाही. शब्द जिथे सुरू होतो तिथली यादी मागायची आणि पुढची गाळणी स्वतः लिहायची, अशी तिची अपेक्षा आहे. फाइलच्या आरंभीच्या इन्क्लूड ओळींचा (हेडर नावाच्या इतर फाइली जोडणाऱ्या ओळींचा) प्रीअँबल आधीच तयार करून ठेवण्याचा पर्याय मागून घ्यावा लागतो, आणि तो विसरल्यास मोठ्या हेडरांच्या प्रकल्पात प्रत्येक सूचनेला ताटकळावे लागते. शिवाय तिला दिसते ते एकच ट्रान्सलेशन युनिट, म्हणजे एक सोर्स फाइल आणि तिने इन्क्लूड केलेली हेडर.

नेमकी हीच उणीव क्लँगडी भरून काढतो. तो पार्श्वभूमीत संपूर्ण प्रकल्पाची अनुक्रमणिका बांधतो, त्यामुळे अजून इन्क्लूड न केलेल्या हेडरमधले नावही सुचवतो आणि निवडल्यावर ती इन्क्लूड ओळ स्वतःच घालतो. माझ्या मते रोजच्या कामात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी सोय हीच आहे. गाळणी, क्रमवारी आणि प्रीअँबल यांची व्यवस्थाही त्यातच आहे. याची किंमत म्हणजे स्मृतीचा मोठा वापर आणि पहिल्यांदा अनुक्रमणिका तयार होईपर्यंतची प्रतीक्षा. ज्याला केवळ एडिटरमध्ये काम करायचे आहे, त्याने क्लँगडीच घ्यावा. स्वतःचे साधन लिहिणाऱ्याने, विशेषतः ज्याला सूचनांबरोबर सिंटॅक्स ट्रीही (कोडच्या रचनेचा वृक्ष) चाळायची आहे त्याने, लिबक्लँगचा विचार करावा.

बिल्डच होत नसलेल्या जुन्या कोडसाठी सीटॅग्ज हे कोडमधील नावांची यादी बनवणारे साधन अजूनही उपयोगी आहे. त्याला प्रकार कळत नाहीत, पण कंपायलरचे फ्लॅगही (त्याला द्यायचे पर्याय) लागत नाहीत.

हे फ्लॅगच बहुतेकांना अडवतात. चुकीच्या इन्क्लूड मार्गांवर दोन्ही साधने सारखीच निकामी ठरतात, आणि दोष मात्र साधनाला दिला जातो. क्लँगडी हे फ्लॅग कंपाइल कमांड्सच्या जेसन फाइलमधून वाचतो. सीमेक हे बिल्ड करण्याचे साधन ती फाइल एका सेटिंगने तयार करून देते. क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर) असेल तर परवानगी दिल्यावर क्लँगडी त्यालाच त्याचे हेडर-मार्ग विचारतो. लिबक्लँगमध्ये ते मार्ग हाताने पुरवावे लागतात, आणि कंपायलरसोबतची अंगभूत हेडर सापडली नाहीत तर साध्या फाइलवरही त्रुटींचा पाऊस पडतो. निवड करण्यापूर्वी आपल्या प्रकल्पातील सर्वांत गुंतागुंतीची एक फाइल क्लँगडीच्या चेक या पर्यायाला देऊन पाहावी. कोणती आज्ञा वापरली गेली आणि पार्सर कुठे अडला, हे तो टर्मिनलवर छापून दाखवतो.